फॉलवाल्या मावशींचे घोटे

एप्रिलची अठरा तारीख. वाळवलेली तूरडाळ डब्यांत भरत होते. कीड लागू नये म्हणून प्रत्येक डब्यात दोन-दोन बिब्बे टाकायचे. बिब्बा मी चिमट्यानं उचलते, हात लावत नाही. बिब्ब्यानं एका बाईचं काय केलं ते मी जवळून पाहिलंय. चौथा डबा भरत होते, तेवढ्यात त्याच बाईंचा फोन आला. फोनचं नंतर, आधी त्या बाईंविषयी सांगते.

"तोंडाला पावडर हाये, पायाला काय हाये?" हे त्यांचं वाक्य. म्हणताना सुई अंबाड्यात खोचायची आणि चष्मा नाकावर खाली घेऊन समोरच्याचे पाय न्याहाळायचे.

पडेगावात माझं फॉल-पिकोचं दुकान आहे. पिको मशीनवर मी करते, फॉलची हातशिलाई अठरा वर्षं त्यांनी केली. गिऱ्हाइकांच्या त्या मावशी, म्हणून माझ्याही मावशी. वयानं चारच वर्षं मोठ्या. दाराशी पोतं अंथरून दिवसभर मांडी घालून बसायच्या. गिऱ्हाईक चपला बाहेर काढून आत यायचं, त्यामुळे मावशींना आधी दिसायचे ते पाय. चेहरे त्यांच्या लक्षातच राहत नसत. "त्या करंगळीवर तीळवाल्या बाई येऊन गेल्या. जांभळी साडी कधी म्हन्ल्या," असा निरोप मिळायचा. मला त्या बाई कोण ते कळायला तीळ बघावा लागायचा.

पाय दिसला की इलाज सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकदा एक मास्तरीणबाई नवीकोरी साडी घेऊन आल्या. मावशींनी साडीकडे बघितलंच नाही.

"बाई, पायावर हे ठिपके किती दिसाचे?"

"उन्हाचे आहेत. डॉक्टर म्हणाले, काही त्रास नाही, काही करायचं नाही."

"डाक्टरला काय कळतंय? त्याचे पाय बुटात. बटाट्याची फोड घासा, नऊ दिवस."

दहाव्या दिवशी बाई साडी न्यायला आल्या. ठिपके जागच्या जागी.

"काही फरक नाही हो, मावशी."

"बटाटा कोल्ड स्टोरेजचा आसंल."

त्यांचा इलाज कधी चुकत नसे. लिंबू बेमोसमी निघायचं, दही पाकिटातलं असायचं.

त्यांच्या स्वतःच्या घोट्यांवर, बाहेरच्या अंगाला, रुपयाएवढे काळे, जाडसर डाग होते. मीच त्यांना कातडीच्या डॉक्टरकडे नेलं होतं. मांडी घालून फरशीला घासून झालेत, काळजीचं काही नाही, गादीवर बसा, एवढं सांगून त्यांनी वाटेला लावलं.

"डाग घोट्याला आन् औषध बुडाला!" बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या. मी गादी आणून दिली. ती त्यांनी इस्त्रीखाली घातली.

डागांचं त्यांना एरवी काही वाटत नव्हतं. पण मुलाचं लग्न ठरलं. मुलगा शेंद्र्याला कंपनीत, मुलगी बिडकीनची, खात्यापित्या घरची. सुपारी फुटली त्या दिवशी विहिणीनं सहज विचारलं, तुम्ही काय करता? मावशींच्या तोंडून निघून गेलं, "काय नाय, घरीच आस्ती. आमच्यात बायकांना कामाला धाडीत नायत."

हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं, मांडीवर सहा साड्यांचा ढीग घेऊन. मी हसले.

"हसू नका, ताई. लग्नात इहीन पाय धुनार. चारशे मान्सं. घोटा बघितला की तिला कळंल, ही जल्मभर खाली बसून दुसऱ्याचं शिवती. पाय बोलतेत."

"बोलू द्या की."

"तुमचं बरंय. तुमचे पाय मशीनखाली."

मग महिनाभर दुकानात मावशींच्या घोट्यांचाच कारभार. लिंबू-साखर चोळली, मुंग्या आल्या. हळद-दही लावलं, एका मोतिया साडीला पिवळा डाग पडला, तेव्हा मात्र मी ओरडले. साडीचा डाग निघाला, घोट्यांचे निघाले नाहीत. लग्न दोन दिवसांवर आलं. मी नको नको म्हणत असताना मावशींनी घरी जाऊन दिव्यावर बिब्बा तापवला आणि सुईनं त्याचं तेल दोन्ही घोट्यांना लावलं. सकाळी लिंबाएवढे फोड. वाचणाऱ्यांनी हा उद्योग करू नये, म्हणून मुद्दाम सांगतेय.

बिडकीनच्या कार्यालयात परात आली, कोमट पाणी आलं, विहीण तांब्या घेऊन समोर बसली. मावशींनी पाय साडीखाली ओढून घेतले.

"ऱ्हाऊ द्या."

"असं कसं? पाय पुढं करा."

"नको म्हन्लं ना."

बायकांत कुजबुज झाली, वरमाय रुसली! मुलीकडच्यांची रुसव्याची तयारी असतेच. लगेच एक जरीची साडी पुढं आली. मावशींनी मान हलवली. दुसरी आली, पहिलीहून भारी. मावशींना घाम फुटला. मग चांदीचं ताम्हन आलं. जितकं नको म्हणावं तितकं वाढत चाललं. मी मागून कानात म्हणाले, "मावशी, आता गाय आणतील." शेवटी मुलीचे वडील आले, फेटा काढून हातात घेतला आणि वाकायला लागले. तिकडे मुलगी रडायला लागली.

मावशींनी साडी वर केली आणि दोन्ही पाय परातीच्या काठावर ठेवले.

"रुसले नाय वो! फेटा घाला आधी. डाग घालवाया बिब्बा लावला, तो उतला. सोळा वर्सं पडेगावात फॉल लावती मी. घरी नस्ती. खोटं बोलले."

विहिणीनं फोड बघितले, फोडांभोवतीचं काळं बघितलं. तांब्या खाली ठेवला.

"मग आधी सांगायचं नाय व्हय, इहीनबाई?" आणि उठून स्वतःच्या साडीचा काठ पुढं केला. "सकाळपास्नं ह्यो फॉल पायात येतोय. दोनदा पडता पडता वाचले."

मावशींनी चष्मा खाली घेतला. "कोनी लावलाय हा? टाके बघा, हाताएवढाले! ताई, सुई द्या."

सुई माझ्या पर्समध्ये असतेच. वरमाय पाय सरळ पसरून खाली बसलेली, विहीण ताठ उभी, आणि काठावर झरझर टाके पडतायत. पाय धुतानाचा फोटो त्या लग्नाच्या अल्बममध्ये नाही. हा आहे.

पुढं दोन वर्षांनी सुनेनं आग्रह करून त्यांना शेंद्र्याला नेलं. आता बस झालं म्हणाली. त्यालाही तीन वर्षं झाली.

तर अठरा एप्रिलचा फोन.

"ताई, डाग गेले."

"कुठले?"

"घोट्याचे. दोनी. काय बी लावलं नाय."

खाली बसणं सुटलं, घासणं थांबलं, कातडी निवळली. डॉक्टर हेच म्हणाले होते. पण मी ते काढलं नाही.

"चांगलं झालं की, मावशी."

"चांगलं काय त्यात? सून लई गुणाची हाये, पानी बी हातात देती. सोफ्यावर बसून ऱ्हाती मी. इथं समदे घरात बी चपला घालतेत, कुनाचा पाय दिसत नाय. बसून बसून जीव जायची येळ आली."

मी डाळीच्या डब्यांची झाकणं लावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी सहा साड्या, त्यांचे फॉल आणि जुळती रिळं पिशवीत भरली आणि शेंद्र्याची बस धरली. पिशवी मावशींपुढे ठेवली, गिऱ्हाइकांना शनिवार सांगितलाय असं बजावलं आणि चहाला न थांबता परत आले.