बाई डावीकडे सरकली

कुरामोतो-सान चाळीस वर्षं पोस्टाच्या खिडकीवर बसले आणि निवृत्त झाल्यावर मिळालेलं सगळं त्यांनी दोन स्पीकरांत घातलं. एकेक बासष्ट किलोचा. ताकाओकातल्या आमच्या गल्लीत लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलंय. मी कशाला म्हणू? त्या वेडावर माझी चूल पेटत होती. मी सुतार. त्यांच्या खोलीतल्या चटया मीच उचलल्या, खाली खणून सिमेंट मीच ओतलं, वर जाड फळ्या मीच ठोकल्या. जमीन हलली की आवाज गढूळ होतो म्हणे.

स्पीकरच्या प्रत्येक पायाखाली दहा येनचं तांब्याचं नाणं. भिंतीपासून त्र्याऐंशी सेंटीमीटर. चौऱ्याऐंशी झाले की त्यांना जेवण गोड लागायचं नाही. फळ्यांवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा आणि प्रत्येक खुणेवर तारीख.

"हिराइवा-सान, दोन मिलिमीटर पुढे घ्या. अहो, पुढे म्हणालो, मागे नव्हे!"

"मी सुतार आहे, सोनार नाही!" मी करवादायचो.

"आणि माझ्या कपाटाचं दार तीन वर्षं लागत नाहीये," दारातून त्यांच्या बायकोचा, शिझुए-सानचा, आवाज यायचा. "ते कुणाला दिसत नाही."

पण एक सांगतो, त्या खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसलं की दोन्ही स्पीकर जणू नाहीसे व्हायचे आणि बरोबर मधोमध, हवेत, एक बाई उभी राहून गायची. माझ्यासारख्या दगडाच्याही अंगावर काटा यायचा. तिच्यासाठीच तर म्हातारा जगत होता.

महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी मी आणि टोफूवाला नोझुए त्यांच्याकडे ऐकायला जायचो. बार्लीचा चहा, मुळ्याचं लोणचं, आणि पाळीपाळीने खुर्ची. दुसऱ्याच्या घरचा आवाज ऐकताना आमच्यात एक रीत आहे. यजमान म्हणाला "छान जमलंय" तर छान म्हणायचं, "अजून जमत नाही" म्हणाला तर "हो, किंचित" म्हणायचं. त्याच्याच घरात बसून त्याच्यापेक्षा शहाणं ठरायचं नाही. हे कुणी शिकवत नाही.

जूनमधल्या रविवारी कुरामोतो-सान दारातच म्हणाले, "परवापासून बाई डावीकडे सरकलीय हो. माझ्या उजव्या कानात दडे बसलेत, सर्दी असेल. पण बाई नक्की सरकलीय. जरा ऐकून सांगता?"

आधी नोझुए बसला. डोळे मिटून मान हलवली. "हो, किंचित."

मग मी बसलो. बाई माझ्या नाकासमोर उभी होती. केसाइतकीसुद्धा हललेली नव्हती. मी नोझुएकडे पाहिलं, त्याने चहात तोंड घातलं. माझ्या जिभेला काय रोग झाला होता कोण जाणे! मी म्हणालो, "खरंच की. जराशी डावीकडे आहे."

पुढे तीन आठवडे उजवा स्पीकर खुर्चीकडे सरकत राहिला. आज बोटभर, उद्या दोन बोटं. ढकलायला मीच. मला बाई उजव्या भिंतीत शिरल्यासारखी ऐकू यायची आणि ते घाम पुसत विचारायचे, "आली का मध्ये?" मी म्हणायचो, "येतेय, येतेय."

शेवटी शिझुए-सानच्या लक्षात आलं. कुरामोतो-साननी उजव्या कानाला फोन लावला, दोनदा "हॅलो" म्हणाले आणि "कुणी बोलत नाही" म्हणून ठेवून दिला. पलीकडून तिची बहीण ओरडत होती आणि ते शिझुए-सानला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. तिने त्यांना तसंच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून?" चिकटपट्टीवरच्या तारखा त्यांना पाठ होत्या, ते म्हणाले, "तेवीस दिवस." डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. कानाची नस अशी अचानक जाते, पण पहिल्या दोन आठवड्यांत औषध पडलं तर बऱ्याच जणांना पुन्हा ऐकू येतं. आता प्रयत्न करू, म्हणाले. केले. काही उपयोग झाला नाही.

भीड ही भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड माझी आणि भीक त्यांच्या पदरात.

परवा त्यांनी मला बोलावलं, स्पीकर पुन्हा त्र्याऐंशीवर लावायला. आता कशाला, हे मी विचारलं नाही. लावले. शिझुए-सानने चहा ठेवला आणि ती आत गेली. ते डावा कान माझ्याकडे करून बसले.

"हिराइवा-सान, त्या रविवारी तुम्हाला बाई कुठे ऐकू आली होती?"

"मध्ये," मी म्हणालो. "अगदी मधोमध."

त्यांनी शिव्या द्यायला हव्या होत्या. चहा तोंडावर फेकायला हवा होता. मी वाट बघत होतो.

त्यांनी दोन्ही तळवे फळ्यांवर टेकवले आणि डोकं जमिनीला लागेपर्यंत वाकले. "त्या रविवारी मी तसं विचारून तुम्हाला पेचात टाकलं," ते म्हणाले. "माफ करा मला."