तासगावच्या नाक्यावर दिवा लावा!

बनारसला सहा वर्षं शिकून निघाले तेव्हा वाटलं होतं, गावी पाऊल ठेवल्या ठेवल्या आपली लढाई अज्ञानाशी होणार. प्रत्यक्षात पहिली लढाई झाली तासगावच्या नाक्यावरच्या हवालदाराशी. तीही सायकलच्या दिव्यावरून!

स्वातंत्र्य मिळून वर्ष होत आलं होतं. पलीकडच्या वस्तीत मी मोठ्या बायकांना लिहा-वाचायला शिकवायचा वर्ग काढला होता. तिकडे जायचा रस्ता एकच, नाक्यावरून. त्यामुळे शिकवण्याचे किस्से कमी आणि नाक्याचे जास्त, असं होऊन बसलंय. चार जणी जमल्या की एक निघतो, त्याचं शेपूट धरून दुसरा येतो.

*

पहिल्याच संध्याकाळी हवालदार बापूरावांनी हात आडवा केला. मिशा पांढऱ्या, पाठ ताठ. उमेदीची वर्षं पलटणीत काढलेला माणूस.

"बाई, दिवा कुठाय?"

दिवा होता, पण लावलेला नव्हता. रॉकेल रेशनवर, जपून वापरायचं. पण ते सांगायचं सोडून मी मान वर करून म्हटलं, "हवालदार, मी इथं देशसेवेला आलेय!"

"मग दिवा लावून करा की! आंधारात कशाला?"

 मी काडी ओढली.

*

दुसऱ्या दिवशी दिवा लावून निघाले आणि ऐन नाक्यावर वाऱ्यानं विझला. मी काही बोलायच्या आत बापूरावांनी दिव्याच्या टोपीला बोट लावून पाहिलं.

"गरम हाय. म्हंजी लावला हुता. जावा."

माणूस कडक, पण न्यायाचा! ही गोष्ट गावभर झाली आणि मंडळींनी लगेच त्यातून वाट काढली. टांगेवाले रमजानचाचा तर नाक्याच्या अलीकडच्या हॉटेलात चहा पिईपर्यंत आपला दिवा सरळ भट्टीच्या कडेला ठेवायला लागले. रॉकेल वाचलं, कायदाही पाळला! एकदा चहा जरा रंगला. नाक्यावर बापूरावांनी नेहमीप्रमाणे बोट लावलं आणि टुणकन मागं उडाले.

"आरं रमजान, ह्यो दिवा न्हाई, तवा हाय तवा! भाकरी टाक ह्येच्यावर!"

*

गंगूमावशी माझी सगळ्यांत थोरली विद्यार्थिनी. गुडघे दुखतात म्हणून मी तिला कॅरिअरवर बसवून न्यायची. सायकलवर दोघांना बंदी. म्हणून नाक्याच्या अलीकडे मावशी उतरायची, बापूरावांच्या समोरून लंगडत जायची आणि पलीकडे पुन्हा चढायची. बापूराव मिशीत हसायचे.

एकदा बोलण्याच्या नादात उतरायचं राहिलं. हात आडवा झाला.

"मावशी, दोघीजणी?"

"कुठल्या दोघी? बाई येकल्याच हायत्या. म्या सामान हाय!"

"सामान बोलत न्हाई, मावशी."

मावशीनं पदर तोंडाशी घेतला आणि पुतळ्यासारखी बसली. बापूरावांनी तिला वरून खालून न्याहाळलं आणि म्हणाले, "घिऊन जावा सामान. पन वाटंत बोललं तर उतरवीन!"

वर्ग येईपर्यंत मावशी अवाक्षर बोलली नाही. घरच्यांना आजही हे खरं वाटत नाही.

*

हा किस्सा सांगताना मात्र माझी मान आपोआप ताठ होते.

एका संध्याकाळी मोटार आली. आत कोणी मोठे साहेब. मोटारीचा एक दिवा गेलेला. बापूराव रस्त्याच्या मधोमध उभे. साहेबांनी काच खाली केली.

"हवालदार, मला ओळखलं नाहीस?"

बापूरावांनी खाडकन सलाम ठोकला. "येकच दिवा हाय, सायेब. निम्मंच वळखलं!"

आणि वही काढली. साहेबांनी निमूट नाव सांगितलं. मोटार गेल्यावर मी विचारलं, "भीती नाही वाटली?"

"वाटायची ती इंग्रजाच्या राज्यात. आता सरकार आपलं हाय. घरच्याच मानसाला सूट दिली तर भायेरच्याला काय सांगू?"

असला माणूस आमच्या नाक्यावर आहे!

*

पण नाक्यावर हशा पिकत होता आणि वर्ग आटत होता. अकरा बायकांनी सुरुवात केली, तीन महिन्यांत दोघी उरल्या. एक गंगूमावशी, दुसरी शेवंता. मावशीची गाडी 'ग'पाशी अडलेली. शेवंताचा नवरा पलटणीत, शेत तीच बघायची. ती रोज यायची, पण तोंड उघडायची नाही. पाटी दाखव म्हटलं की पदरानं पुसून टाकायची.

अशात बनारसहून पत्र आलं. माझ्या जुन्या शाळेत शिक्षिकेची जागा होती, आठवड्यात उत्तर हवं होतं. मी होकार लिहून ठेवला. पाकीट तेवढं बंद करायचं होतं. त्या संध्याकाळी मावशी आली नव्हती; वर्ग संपवून मी आणि शेवंता परत निघालो. तिच्या हातात नवऱ्याची सायकल, कॅरिअरवर दळणाची पिशवी. आज सांगून टाकू, वर्ग बंद करतेय, असं मनात घोळवत मी चालत होते.

नाक्यावर हात आडवा झाला. शेवंताच्या सायकलीला नगरपालिकेचा, कर भरल्याचा पितळी बिल्ला होता, पण गेल्या सालचा.

"सायकल कुनाची?"

"आमच्या मालकांची."

"त्येंचं नाव?"

शेवंतानं मान खाली घातली. नवऱ्याचं नाव तोंडानं कसं घ्यायचं? मलाही ते ठाऊक नव्हतं.

टांग्यावरून रमजानचाचा ओरडले, "वैनी, उखाना घ्या की!"

"नाक्यावर?" शेवंता फणकारली. "ह्यो काय लगनाचा मांडव हाय व्हय?"

"नाव मिळाल्याबिगर सायकल सुटायची न्हाई," बापूराव म्हणाले. "कायदा हाय, पोरी."

मी भाषणाला तोंड उघडलं, तेवढ्यात शेवंतानं हात पुढं केला.

"आना ती वही हिकडं."

वही तिनं सायकलच्या सीटवर ठेवली. पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं. एकेक अक्षर दाबून काढायला लागली. रमजानचाचा टांग्यावरून खाली उतरून आले. 

बापूरावांनी वही दिव्यापाशी धरली. "सखाराम... बाळा... सावंत." नाव कानावर पडताच शेवंतानं डोईवरचा पदर पुढं ओढला.

"बराबर. आनि ह्ये खाली काय? शेवंता... सखाराम... सावंत?"

"मालक कोन म्हून इचारलं नव्हं तुमी? दोगं हायती!"

बापूरावांनी वही मिटून खिशात घातली. "आठ दिसांत नवा बिल्ला लावा," म्हणाले. सायकल सोडली. दोन पावलं आमच्याबरोबर चालले आणि घसा खाकरून मला हळूच म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग किती वाजता भरतो? आमच्या घरात बी येक नाव न घेनारी हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बनारसला नकार कळवला आणि पोस्टातून तशीच सुताराकडे गेले. फळा मोठा हवा होता.