विमानाच्या दाराचा आतला खटका

ड्रिलखाली अ‍ॅल्युमिनियमचा कीस साचतो तसे हे किस्से साचले. कितीही झाडा, सकाळी पुन्हा पायाला टोचतातच!

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी गडचिरोलीत वार्ताहर होतो. बसस्टँडमागे सलामभाईंचं फॅब्रिकेशनचं दुकान होतं. कपाटांची सरकती दारं बनवावीत ती त्यांनीच. गावचाच देवतळे नावाचा इंजिनियर नागपुरात, छोट्या विमानांचं आतलं काम करणाऱ्या कंपनीत लागला होता. विमानातल्या संडासाच्या सरकत्या दाराचा नमुना बनवायचं काम त्याने सलामभाईंना आणून दिलं. दार हलकं हवं आणि हजारो वेळा सरकून झिजायला नको. दुकानात प्लायवूडची खोली उभी राहिली. गावभर बोंब, "सलामभाईनं दुकानातच संडास बांधला!"

मी बातमी पाठवली. डेस्कवरून फोन आला, "गडचिरोलीत विमानाचं दार? बंदुकांचं काही असेल तर पाठवा."

"का? इथल्या माणसाला पाना धरता येत नाही?" मी ओरडलो. बातमी छापली नाहीच!

*

भांडण एकाच गोष्टीवर होतं. सलामभाईंनी दाराला आतून एक खटका बसवला होता. चाक अडकलं तर तो ओढायचा, दार सुटायचं. कंपनीचं म्हणणं, वजन वाढतं, काढा. नाही काढला तर नमुना नापास आणि काम हातचं जाणार.

"माणूस आत घुसमटून राह्यला अन् तुमी ग्रॅम मोजून राह्यले?" सलामभाई म्हणायचे. "जाऊ द्या काम. खटका नाई निघत!"

*

झीज तपासायला मोटर लावून दार दिवसभर सरकवत ठेवायचे. एकदा भरदुपारी वीज गेली. पंखा थांबला, मोटर थांबली. दार मात्र तसंच सरकत राहिलं. उघड, बंद. उघड, बंद.

देवतळे पुटपुटला, "जमिनीला उतार असेल." लेव्हल ठेवली. बुडबुडा बरोबर मधोमध!

सलामभाई शांतपणे म्हणाले, "लाईन गेली. दाराले कोणी सांगितलं नाई."

*

मग धुळीची चाचणी. दाराला आतून-बाहेरून बारीक माती फासली आणि रात्रभर बंद ठेवलं. सकाळी उघडलं तर आतल्या बाजूला, खटक्याशेजारी, उजव्या पंजाचा स्वच्छ ठसा.

"भाऊ, तुमीच हात लावला असन," देवतळे म्हणाला.

सलामभाईंनी कटरमध्ये बोट गेलेला उजवा हात पुढे केला. "मोज. चारच हायेत."

ठशात पाच होती. देवतळेचा पंजा त्याहून पेरभर मोठा. दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात खिशात घातले!

*

दाराबाहेर एक पट्टी होती. आतून कडी लावली की हिरव्याची लाल व्हायची. आत कोणी नसताना मी एकदा गमतीने टकटक केलं, "कोणी आहे का?"

खट्ट! पट्टी लाल.

देवतळे दोन पावलं मागे सरकला. सलामभाईंनी पाना खाली ठेवला. "चला, चहा पिऊन येऊ. ज्याचं काम त्याले करू द्या."

*

शेवटी कंपनीचे साहेब स्वतः आले. म्हणाले, "खटका काढा, मग पास करतो."

"काढतो. पण पह्यले तुमी आत बसा."

साहेब हसले. सलामभाईंनी त्यांच्यासमोर चार स्क्रू खोलले आणि खटका काढून मुठीत घेतला. साहेब आत गेले. दार बंद झालं आणि अडकलं! देवतळेने ओढलं, मी ओढलं. हलेना. साहेब आतून दार बडवू लागले. मग बडवणं थांबलं. सलामभाई डाव्या हाताने करवत शोधू लागले.

तेवढ्यात दार लोण्यासारखं सरकलं.

साहेब घामाने निथळत बाहेर आले. त्यांनी ड्रॉइंग मागवलं, त्यावर "आतला खटका ठेवावा" असं लिहून सही केली. मग चिडून सलामभाईंकडे वळले.

"काढला म्हणून सांगता आणि खाली दुसरा बसवून ठेवता? तो हाताला लागला म्हणून सुटलो!"

आम्ही आत वाकून पाहिलं. दाराच्या फळीवर स्क्रूंची चार रिकामी भोकं. बाकी काही नाही.

सलामभाईंनी मूठ उघडली. खटका तळहातावरच होता.