बसूभाऊंच्या खुर्चीची किंमत

फर्निचरच्या त्या मोठ्या दुकानात बसूभाऊंचं खरं नाव फक्त पगारपत्रकाला माहीत होतं. गिऱ्हाईक दारातून आत आलं की ते एवढंच म्हणत, "घेऊ नका हो, नुसतं बसून बघा." गिऱ्हाईक बसायचं, आणि संध्याकाळी त्याच्या घरी टेम्पो जायचा. कॅशियरनं थट्टेत त्यांचं नाव 'बसूनबघा' ठेवलं आणि ते वापरून वापरून गुळगुळीत होत बसूभाऊ झालं.

दुकानात ते राजा, पण घरी सासऱ्यांपुढे त्यांचं काही चालत नसे. सासरे जन्मभर सुतारकाम केलेले, गुडघे कुरकुरायला लागल्यावर लेकीकडे राहायला आलेले. कारखान्यातलं फर्निचर म्हणजे त्यांच्या मते भुशाला घातलेला कोट, आणि जावई म्हणजे तो कोट बोलून बोलून लोकांच्या गळ्यात मारणारा माणूस. "आम्ही हातानं पोट भरलं, जावईबापू तोंडानं भरतात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. तोंडानं तर सगळेच पोट भरतात, हे उत्तर बसूभाऊंना कायम जेवण उरकून ताटं उचलताना सुचायचं.

मग ती खुर्ची आली. बटण दाबलं की पाय वर, पाठ मागे, आणि आतून काहीतरी कंबर चोळायला लागायचं. ही खुर्ची बनवणारी कंपनी दर विक्रीमागे विक्रेत्याला परस्पर थोडी रक्कम द्यायची, आणि वर्षात सगळ्यात जास्त खुर्च्या विकणाऱ्याला तीच खुर्ची बक्षीस. डिसेंबरअखेर बसूभाऊंनी ती जिंकली. बैठकीच्या खोलीत ती ठेवल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडू लागलं. सासऱ्यांनी तिच्याभोवती फेरी मारली, संशयानं नाक फेंदारलं, आणि दोष शोधायला म्हणून बसले. ते बसलेच. त्या दिवसापासून टोमणे बंद. इतकंच काय, भेटायला आलेल्या जुन्या मित्राला ते म्हणाले, "आमच्या जावयांनी मिळवली." बसूभाऊ तेव्हा स्वयंपाकघरात भांडं विसळत होते. भांडं भरून वाहू लागलं तरी त्यांना नळ बंद करायचं सुचलं नाही.

मार्चमध्ये कराचं वर्ष संपलं आणि कंपनीचा कागद आला. वर्षभरात दिलेल्या रकमा, त्याखाली 'खुर्ची, एक नग, ऐंशी हजार', आणि हे सगळं कर खात्याला कळवल्याची नम्र सूचना. बसूभाऊंना आधी राग आला नाही, कुतूहल वाटलं. विवरणपत्रात आकडे लिहितात हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यात खुर्ची कशी लिहायची?

ते कागद घेऊन करवाल्या बाईंकडे गेले. बाईंचं ऑफिस लाँड्रीच्या वर, त्यामुळे तिथं कर भरायला आलेला माणूस कडक इस्त्रीच्या वासानंच निम्मा सरळ व्हायचा. बाईंच्या खुर्चीचा एक हात चिकटपट्टीनं बांधलेला होता. बसूभाऊंची जीभ वळवळली, पण त्यांनी ती आवरली.

बाईंनी समजावलं, की मालक देतो तो पगार. कंपनीनं परस्पर दिलं ते पगारात धरलेलं नाही, पण म्हणून ते कमाईतून सुटत नाही. ते वेगळ्या रकान्यात आपणहून दाखवायचं. पैसे दिले तर पैसे, वस्तू दिली तर वस्तूची किंमत.

"बरं, समजा कंपनीनं नुसती शाबासकी दिली असती तर?"

"शाबासकीवर अजून कर नाही," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही हा प्रश्न वर कुठं विचारू नका."

सगळं धरून भरायची रक्कम निघाली सोळा हजार. घरात बाजूला ठेवलेले पैसे लेकीच्या दातांच्या तारांसाठी होते. बायकोनं हिशोब ऐकला, सुस्कारा सोडला आणि म्हणाली की मग खुर्ची विकावी लागेल, आणि हे बाबांना तुम्हीच सांगा. खुर्ची गेली की टोमणे परत येणार, आणि 'आमच्या जावयांनी' कायमचं जाणार.

ते पुन्हा बाईंकडे. बाईंनी वाट सांगितली. ऐंशी हजार ही छापील किंमत. बाजारात ती साठला जात असेल, तर साठ दाखवू, फक्त तशी बिलं आणा. बसूभाऊ उड्या मारत कॅशियरकडे गेले. कॅशियरनं वर्षाची बिलं चाळली आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुझ्याशिवाय ही खुर्ची विकलीय कुणी? आणि तू कधी कुणाला सूट दिलीयस?"

प्रत्येक बिल ऐंशीचं. प्रत्येकावर बसूभाऊंची सही. वर्षभर ज्या जिभेनं घर चालवलं, तिनंच मालकाचा गल्ला भरता भरता स्वतःच्या पायाखालची फळी काढली होती.

आता एकच वाट उरली, असं बाई म्हणाल्या. त्या नगात खरोखर काही खोट असेल, तर जाणत्या कारागिराकडून तसं लिहून आणा. हे ऐकून बसूभाऊंचा चेहरा एकदम खुलला. जाणता कारागीर! तो तर घरीच होता, आणि कारखान्याच्या मालाला नावं ठेवायचा त्याला आयुष्यभराचा सराव होता.

संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगितलं. कर, कागद, विकायची पाळी, सगळं. शेवटी म्हणाले, "मामा, एकदा तुमच्या नजरेनं बघा हिच्याकडे. जसं नेहमी बघता तसं."

सासरे उठले. चष्मा बदलला. बसूभाऊंकडून खुर्ची आडवी करून घेतली, खालचं कापड उचकटलं, टॉर्च मारला, सांध्यांवर बोटाची गाठ वाजवली, एका कोपऱ्याला तर चक्क कान लावला. बायको दारात उभी. लग्नाच्या पंधरा वर्षांत पहिल्यांदाच बसूभाऊ मनातल्या मनात टोमण्याची वाट बघत होते.

"सांधा घट्ट आहे," सासरे म्हणाले. "लाकूड वाळवून घेतलंय. भुसा नाही कुठं. हिला साठ म्हणणारा माणूस सुतार नव्हे."

"मामा, पण कर..."

"विकायची तर विका. पण खोटं लिहायला माझा हात मागू नका. ऐंशीच्या खाली एक आकडा नाही. तुम्ही लोकांना ऐंशीला विकलीत ना? मग फसवलं नाहीत कुणाला, एवढं मी लिहून देतो."

बसूभाऊ विकत होते त्या मालाची तारीफ स्वतःशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकली नव्हती. त्यांनी खुर्ची सरळ केली, खालचं कापड दाबून बसवलं आणि तिचे पुसलेले हात पुन्हा पुसले.

सासरे आत गेले आणि बाहेर आले ते आठ हजार घेऊन. खुर्चीकडे बघत म्हणाले, घरपट्टी ज्यानं त्यानं आपल्या घराची भरावी, आणि गेले तीन महिने माझा मुक्काम कुठं आहे ते तुम्ही बघताच आहात. उरलेले आठ बायकोनं तारांच्या पैशांतून काढून दिले. दात दोन महिने वाकडे राहिले तर पळून जाणार नाहीत, असं तिचं मत पडलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी रकान्यात ऐंशी हजार भरले, तेव्हा बसूभाऊ संगणकाच्या पडद्याकडे वाकून इतक्या कौतुकानं बघत होते, की बाईंना वाटलं यांना परतावा मिळणार आहे.

पावती घेऊन ते घरी आले. सासरे खुर्चीत होते. त्यांनी पावती वाचली, घडी घातली, आणि हातांवर जोर देऊन हळूहळू उठले. तेव्हा कुठं बसूभाऊंच्या लक्षात आलं, की आणल्यापासून या खुर्चीत आपण एकदाही बसलेलो नाही.

सासऱ्यांनी खुर्चीकडे बोट केलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "नुसतं बसून बघा."