टाकातली बाई

आमच्या लोणावळ्याच्या रेल्वेच्या खोलीत देव मोजकेच होते. त्यांत एक चांदीचा टाक होता. अंगठ्याएवढ्या पत्र्यावर उठवलेली बाई, नाक झिजून सपाट झालेलं. वडील सांधेवाले होते, गाड्यांसाठी रुळांचे सांधे बदलणारे. ड्यूटीवर जायच्या आधी ते खंडोबाच्याही अगोदर तिला अंघोळ घालायचे. "ही माजी आय," म्हणायचे. अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत त्यांची आई गेली तेव्हा ते तीन-चार वर्षांचे असतील. तिचा चेहरा त्यांना आठवत नव्हता. कुशीत घेतल्यावर तिच्या गळ्यातला हा टाक गालाला गार लागायचा, तेवढंच आठवायचं. त्याशिवाय त्यांच्याजवळ तिचं एक नाव होतं. अविधवा नवमीला ते नाव घेऊन पाणी सोडताना हा मिशीवाला माणूस एवढंसं तोंड करायचा, आणि मला हसू यायचं.

दुसरं महायुद्ध संपल्यावर गावच्या, वडिवळ्याच्या, जमिनीची वाटणी निघाली आणि चुलत्यांनी कागद मागितले. मी सातवीत होते, घरात धड वाचता येणारी एकटीच. वडिलांच्या जन्माच्या नोंदीत आईचं नाव ते नवमीला घ्यायचे तेच होतं. पण त्याच नावाची आमच्या आजोबांची बायको वडिलांच्या जन्माआधीच मेल्याचीही नोंद होती. आणि मधे एक तान्हं मूल गेलेलं, त्याच्या आईचं नाव भलतंच.

"नीट वाच, भवाने," वडील ओरडले. जणू बाईला मीच मारलं होतं.

मी पुन्हा वाचलं. तेच निघालं. मेलेल्या बाईच्या पोटी आपण कसे जन्मलो, हे विचारायला वडील मला घेऊन वडिवळ्याला गेले. आजोबांची बहीण, म्हणजे वडिलांची आत्या, अजून खणखणीत होती. ओसरीवर तांदूळ पाखडता पाखडता तिनं सगळं सांगितलं, आणि चवीनं सांगितलं.

"तुजी आय दुसरेपनावरची. पयली बाळंतपनात गेली. लग्नात तुज्या बापानं हिचं नवं नाव ठेवलं. मग हिचं पयलं पोर मेलं. देवऋषी म्हनला, पयलीनं धरलंय, तिला मान पायजे. मग पयलीचा टाक करून हिच्या गळ्यात बांदला, आन् हिला पयलीच्याच नावानं हाका मारायला लागलो. मग तू झालास, जगलास. लागू पडलं बग."

"तिला चाललं ते?" वडिलांनी विचारलं.

"आदी ओ देत नव्हती. मग आमच्या आयनं उलथनं तापवून हातावर ठेवलं. मग द्यायला लागली." आत्या हसली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता, पण हसू पुरेपूर होतं. मला तिचं सूप हिसकावून तिच्या डोक्यात घालावंसं वाटलं.

"आन् त्यो टाक?"

"पयलीचाच की. ही मेल्यावर गळ्यातनं काडून देवात ठेवला."

म्हणजे इतकी वर्षं वडील आपल्या आईच्या सवतीला अंघोळ घालत होते. घरी परतताना ते गाडीत एवढंच बोलले: "दोनी नावं आपल्याच घरानं तिच्यावर लादली. तिच्या आयनं काय ठेवलंवतं?" येत्या नवमीला ते माहेरचं नाव घेऊन पाणी सोडायचं, असं त्यांनी मनाशी धरलं.

तिचं माहेर तळेगावच्या पलीकडे होतं. तिथं तिचा थोरला भाऊ, वडिलांचा मामा, जिवंत होता. त्यानं आधी विचारलं, "जिमनीचं काय काम न्हाई न्हवं?" नाही म्हटल्यावर मोकळा झाला आणि गुळाचा चहा सांगितला.

"नाव व्हय? लय बहिनी उजवल्या आमी. हिच्या लग्नाला पवळ्या इकला, त्यो आठवतो. काय बैल व्हता! शिंगं अशी, कपाळाला चांद. हाक मारली की शिवारातनं वळून बगायचा."

"आन् माज्या आयला काय हाक मारायचा?"

मामानं खूप डोकं खाजवलं. "पोरगीच म्हनत असू," तो म्हणाला आणि पुन्हा पवळ्यावर आला. वडिलांनी चहा तसाच ठेवला.

नवमीला भटजी म्हणाले, "नाव ठाऊक नसेल तर नुसतं आई म्हणा. पोचतं."

"कुनाला पोचतं?" वडिलांनी विचारलं. भटजींना अजून चार घरं करायची होती. त्यांनी पळी पुढे केली. वडिलांनी "आई" म्हणून पाणी सोडलं. तोंड पुन्हा तेवढंसंच झालं, पण या खेपेला मला हसू आलं नाही.

भटजी गेल्यावर आम्ही जेवायला बसलो. माझी आई वाढत होती. या सगळ्यात ती अवाक्षर बोलली नव्हती. भाताचं पातेलं हातात धरून ती म्हणाली, "माज्या आयनं माजं काय नाव ठेवलंवतं, ते पोरीला सांगून ठेवते. मागनं फिरायला नगं."

वडिलांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता ते विचारतील. लग्नानंतर पहिल्यांदा विचारतील.

"तुजं नाव मी ठेवलंय," ते म्हणाले. "तेवढं बास. भात वाड."

आईनं भात वाढला. दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांनी टाकातल्या बाईला अंघोळ घातली, खंडोबाच्या आधी, आणि डबा घेऊन ड्यूटीवर गेले.