भिंत वाळेपर्यंत जिवाला घोर

चार रंगारी चहाला बसले की किस्से निघतातच, आणि आमचे सगळे काळजीचे! काम संपलं, मालक खूश झाला, तरी पुढचा महिनाभर त्या घरचा फोन मी भीतभीतच उचलतो. कोल्हापुरात भिंतीला फुगा आला की आधी पेठेत कळतं, मग मालकाला. कामं मी घेतो. घासणं आणि भेगांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरणं दादूकडं, रोलर सलीमकडं.

*

एका सरांच्या हॉलमध्ये ओल होती. पलीकडं बाथरूम. मी म्हटलं, "आधी नळ बघा, भिंत वाळू दे, मग रंग." सरांना घाई. त्यांनी डागावर कॅलेंडर टांगलं आणि बाकीची भिंत रंगवून घेतली.

पंधरा दिवसांनी फोन आला.

"अहो, कॅलेंडरलाबी बुरशी आली."

*

दादूचा किस्सा वारणानगरचा. क्वार्टरच्या भिंतीवर जुना चुना होता. तो खरवडायचा कंटाळा केला आणि वरूनच रंग मारला. कडेची चिकटपट्टी ओढली तर तिच्याबरोबर हातभर पापुद्राच सुटला!

तेवढ्यात मालक चहा घेऊन आले. दादूनं पापुद्रा भिंतीला दाबला आणि त्यावर पाठ टेकवून उभा राहिला.

"बसा की."

"उभाच बरा हाय, साहेब."

मालकांना गप्पांची हौस. चहा संपला, उसाचा भाव झाला, पोरीचं शिक्षण झालं. दादू घामानं भिजला, पण हलला नाही. त्यानंतर तो खरवडणीशिवाय घरातून निघत नाही.

*

स्वयंपाकघराची तेलकट भिंत सोडा घालून धुतल्याशिवाय सलीम डब्याचं झाकण उघडत नाही. एका वहिनींना मात्र ते झोंबलं. "आमच्यात तेल लई कमी लागतंय. यांचं हार्टचं हाय न्हवं. डॉक्टरांनी बंदच केलंय."

सलीमनं न धुताच रंग मारला. संध्याकाळी गॅसच्या वरचा रंग धरेना, गोळे होऊन घसरायला लागला. मालकांनी भिंतीकडं बघितलं, मग बायकोकडं बघितलं.

"आता डॉक्टरास्नी काय सांगू म्या?"

*

आणि कागलकडचं ते घर.

त्या घरात रीत आहे. नवी सून आत आली की कुंकवाच्या पाण्यात हात बुडवून दारालगतच्या भिंतीवर पंजे उमटवते. भिंतीवर दोन पंजे होतेच, पहिल्या सुनेचे. ती नांदली नव्हती. आता त्याच मुलाचं दुसरं लग्न होतं, आणि पहिलीचं मुलीकडच्यांना सांगितलंच नव्हतं. मुलाच्या आईनं, काकूंनी, हे मला बाजूला घेऊन सांगितलं. "काय बी कर, पण ते दिसाय नगं."

मी म्हटलं, "काकू, कुंकू पाण्याच्या रंगातनं वर येतंय. आधी ऑइल प्रायमर मारू, तो नीट वाळू दे."

"मांडव पडलाय, आन् त्या ऑइलचा वास कुठं सोसायचा? दोन हात मार पांढरं."

मारले. सकाळी पंजे गुलाबी होऊन वर आले. परत मारले, परत आले. फोटो टांगून झाकावं, तर नव्या सुनेनंही हात तिथंच उमटवायचे होते.

लग्नाच्या दिवशी काकूंचा फोन आला. वरात यायच्या आत मी आणखी एक हात मारला. ओला होता तोवर भिंत कशी कोरी दिसत होती. काकू म्हणाल्या, "हितंच थांब." मी ब्रश पाठीमागं धरून कोपऱ्यात उभा राहिलो. भिंत वाळायला लागली तशी माझी नजर तिथनं हलेना.

सनई वाजली. नवरी माप ओलांडून आत आली. ताटात हात बुडवले आणि भिंतीसमोर उभी राहिली.

"उमटव की गं," कुणीतरी म्हणालं.

तिचे हात वरच राहिले. समोर ते दोन पंजे पुन्हा गुलाबी होऊन वर आले होते. मनगटावरनं कुंकवाचं पाणी नव्या शालूवर ठिबकत होतं. तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली. मग ती सासूकडं, काकूंकडं वळली.

"आत्या, आधी हिचं सांगा. मग माझं हात."