वहिनीचा पहिला वाचक

माझ्या दादाला कुणाचा हेवा वाटलेला मी कधी पाहिला नव्हता. शेजाऱ्यांनी गाडी घेतली, धाकट्या साडूला बढती मिळाली, चुलतभावाने दुमजली घर बांधलं, तरी हा पेपराच्या मागून "छान, छान" म्हणायचा आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचा. कारण त्याच्याकडे जे होतं ते आमच्या नात्यागोत्यात आणि अख्ख्या गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. दादाला इंग्रजी येत होतं.

येत होतं म्हणजे नुसतं बोलण्यापुरतं नव्हे. मालवाहतुकीच्या एका कंपनीत तो पत्रव्यवहार सांभाळतो. कुणाचं कपाट वाटेत फुटलं, कुणाची पेटी भलत्याच ठिकाणी पोचली, की गिऱ्हाईक चिडून चार ओळी खरडतं आणि दादा त्याला दोन पानी उत्तर पाठवतो. ते इतकं अदबशीर असतं की वाचणाऱ्याला वाटावं, चूक बहुतेक कपाटाचीच असेल. संध्याकाळी गल्लीतले लोक आपापले अर्ज घेऊन त्याच्याकडे येतात. तो चष्मा पुसतो, लाल पेन काढतो आणि त्यांच्या साध्यासुध्या मागणीला कोट-टोपी घालून परत करतो.

मीही त्याच्याच हाताखाली शिकले. म्हणजे शिकले नाही. शाळेत माझे इंग्रजी निबंध तोच लिहायचा. मी जेमतेम पहिली ओळ लिहिली की, "थांब, आण इकडे." घरच्या निबंधांना मला शाबासकी मिळायची, आणि परीक्षेला दादा शेजारी नसल्यामुळे मी नापास व्हायचे. आज मी त्याच इमारतीत तळमजल्यावर कपडे अल्टर करते, आणि बँकेचा फॉर्म आला की अजूनही जिना चढून वर जाते. त्याबद्दल माझा त्याच्यावरचा राग गेलेला नाही, पण ते असो.

वहिनी नर्स आहे. पन्नाशीला टेकल्यावर तिच्या हॉस्पिटलात नियम निघाला की वॉर्डची मुख्य व्हायचं तर पदवी पाहिजे. तिच्या हाताखाली सुई टोचायला शिकलेली एक पोरगी पदवी घेऊन तयारच होती. उद्या तिला 'मॅडम' म्हणायचं, या कल्पनेनेच वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला आणि तिने कॉलेजात नाव घातलं. अभ्यासाची तिला भीती नव्हती. भीती होती ती निबंधांची. सगळे इंग्रजीत, आणि त्यात नुसतं आपलं मत सांगून भागत नाही. म्हणणं मांडायचं, ते कशावरून म्हणता ते दाखवायचं, दुसऱ्यांनी काय लिहिलंय त्याचे दाखले द्यायचे.

पहिला निबंध तिने कसाबसा लिहिला आणि टेबलावर ठेवून ड्यूटीला गेली. परत आली तेव्हा निबंध नटूनथटून बसला होता. गडबडीत तिने तोच नेऊन दिला. कॉलेजच्या बाईंनी तिला बोलावून घेतलं, एका वाक्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "हे तुमच्या शब्दांत सांगा." वहिनीला सांगता येईना. बाईंनी बजावलं की पुन्हा असं उसनं लेखन आलं तर नाव कमी होईल, आणि तिला शनिवारच्या लेखनवर्गाला बसवलं. ज्यांचं शिक्षण इंग्रजीत झालेलं नाही अशांसाठी तो वर्ग होता.

त्या दिवशी वहिनी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाली. मी वरच होते.

"अहो, माझी म्हातारी कुठे गेली?"

"कोण म्हातारी?" दादा दचकला.

"निबंधातली! कानात घालायचे थेंब आठवडाभर पीत होती ती. कारण कुणाला विचारायची तिला लाज वाटली. मी स्वतः पाहिली होती तिला. तुम्ही तिच्या जागी काय घातलंत? म्हणे, 'काही रुग्णांच्या बाबतीत कधी कधी गैरसमज संभवतात'!"

"असले किस्से इंग्रजीत शोभत नाहीत गं."

"मग इंग्रजीत शोभतं तरी काय? तुम्ही?"

मी तोंडाला पदर लावला. दादाने मात्र पेपर उघडला. त्याला वाटलं, चार दिवसांचा राग आहे, पुढचा निबंध येईलच आपल्याकडे.

तो आला नाही. लेखनवर्गाची रीतच वेगळी होती. प्रत्येकाने वर्गातला एक जोडीदार निवडायचा. आपला अगदी कच्चा, खाडाखोडीचा मसुदा आधी त्याने वाचायचा. तो तुमचा पहिला वाचक. त्याने एकही शब्द बदलायचा नाही, चूक दिसली तरी हात लावायचा नाही. त्याने समासात पेन्सिलीने फक्त प्रश्न लिहायचे. वहिनीने तिच्याच हॉस्पिटलातल्या, रक्त तपासणाऱ्या लॅबवाल्याला निवडलं. तोही पदवी करत होता.

झालं! रोज चहाला लॅबवाला हजर. म्हणजे माणूस नव्हे, त्याचे प्रश्न.

"आज लॅबवाल्यांनी विचारलं, 'पुष्कळ पेशंट शंका विचारत नाहीत' असं लिहिलंय, पण पुष्कळ म्हणजे किती? तुम्ही मोजले का? आणि मी मोजलेच नव्हते की!" वहिनी खुदुखुदू हसली.

"यात हसण्यासारखं काय आहे?" दादाने कप खाली ठेवला.

"अहो, आता मोजणार आहे. पुढच्या आठवड्यात प्रत्येक खाटेशी जाऊन विचारणार."

आणि तिने खरोखर विचारलं. पेशंट काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं, कॉलेजच्या वाचनालयातून लेख आणले, इतर ठिकाणी लोकांना काय दिसलं ते पाहिलं. आधी तिची वाक्यं लांबलचक आणि लंगडी असायची. आता ती आखूड झाली. एका परिच्छेदात एकच गोष्ट सांगायची, आणि 'हे कशावरून?' याचं उत्तर त्याच परिच्छेदात द्यायचं, हे ती भाजी निवडता निवडता मला समजावून सांगायची. दादा पेपराआडून सगळं ऐकत असायचा आणि पान मात्र उलटत नसायचा.

मग त्याच्या पोटात दुखायला लागलं. अगदी खरोखरचं! वहिनीने त्याला झोपवून पोट दाबून पाहिलं, इथे दुखतं की तिथे, गोळ्या दिल्या, तिखट बंद केलं.

मी म्हटलं, "वहिनी, या दुखण्याचं औषध तुमच्या हॉस्पिटलात नाही मिळायचं."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मी जिना उतरून खाली आले.

गैरसमज नको. वहिनीचं त्या माणसाशी काही आहे असलं वेडंवाकडं त्याच्या डोक्यात नव्हतं. तसलं असतं तर बरं झालं असतं, निदान उघड भांडता आलं असतं. पण बायको आपला निबंध दुसऱ्याला आधी दाखवते याचं भांडण कसं करायचं? कुणाला सांगितलं तर लोक हसतील. म्हणून हा आतल्या आत धुमसत होता. मला एकदा हळूच विचारतो काय, "तू पाहिलायस का त्याला? शिकलेला वाटतो?"

शेवटी एक दिवस माझा चष्मा दाखवायचं निमित्त काढून तो मला हॉस्पिटलात घेऊन गेला. माझा चष्मा चांगला होता. आम्ही कँटीनमध्ये खांबाआडच्या टेबलावर बसलो. पलीकडे वहिनी आणि तिचा पहिला वाचक. मला वाटलं होतं कुणी रुबाबदार असेल. हा गोलमटोल, पोपटी शर्टातला, चहात टोस्ट बुडवून खाणारा. खरकट्या बोटाने ओळ धरून वाचत होता, ओठ हलवत होता, आणि कागदावर चुरा सांडत होता.

"बघ, बघ," दादा कुजबुजला, "याला एक ओळ वाचायला एवढा वेळ लागतो!"

तेवढ्यात त्याने मान वर करून वहिनीला काहीतरी विचारलं. वहिनी काहीतरी बोलायला गेली आणि थांबली. पेन्सिल दातांत धरून ती छताकडे पाहत राहिली. मग एकदम "अहो, खरंच की!" म्हणून तिने अर्धं पान काट मारून खोडलं, आणि इतकी खूश झाली की विचारता सोय नाही.

"माझ्यासमोर हिचा चेहरा असा कधी झालाय?" दादा म्हणाला. त्याचा आवाज इतका पडला होता की मला टोमणा मारवेना.

आणि मनात आलंच आहे तर लिहून टाकते. त्या क्षणी मलाही हेवा वाटला, वहिनीचा. दादाच्या हातातून आपला कागद ओढून घ्यायची हिंमत तिने केली. मी कधीच केली नाही.

घरी आल्यावर मात्र त्याचा बांध फुटला. वहिनी घरात पाऊल टाकते न टाकते तोच, "त्या माणसाला इंग्रजीतलं ओ की ठो कळत नाही! बोट धरून वाचतो! आणि तो तुला शिकवणार?"

आम्ही कँटीनमध्ये होतो हे तिला लगेच कळलं. पिशवीतून शेवटच्या निबंधाचा मसुदा काढून तिने त्याच्यापुढे ठेवला. या निबंधात ती पास झाली तर वॉर्ड तिचा, नाहीतर खुर्ची त्या पोरीची. दादाला ते पक्कं ठाऊक होतं.

"घ्या. रविवारी निवांत वाचा. पण पेन्सिल घ्यायची. एक शब्दही बदलायचा नाही. फक्त प्रश्न."

रविवारी मी शिवण घेऊन वरच जाऊन बसले. असा तमाशा फुकट कुठे मिळतो? दादाने वाचायला घेतलं. पहिल्याच पानावर त्याचा हात शिवशिवायला लागला. दोनदा त्याने शब्द खोडला, वहिनीने नुसतं पाहिलं, आणि त्याने खोडरबर मारून तो मोकळा केला. मग चक्क उजवा हात मांडीखाली दाबून तो वाचू लागला. मला हसू आवरेना.

मध्येच तो थांबला. एका पेशंट बाईचं बोलणं वहिनीने जसंच्या तसं दिलं होतं. 'डॉक्टरांना सगळंच येतं. मग मी काय विचारू? विचारलं तर मीच वेडी ठरेन.' दादाने ते एकदा वाचलं, मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग त्याने हात मोकळा केला, पेन्सिल उचलली आणि समासात आपल्या वळणदार अक्षरात एक ओळ लिहिली. कागद वहिनीकडे सरकवून तो खिडकीबाहेर पाहू लागला.

मी वाकून पाहिलं. त्याने मराठीतच लिहिलं होतं, 'तू हे माझ्याआधी त्याला का दाखवलंस?'

वहिनीने तो निबंधाबाहेरचा प्रश्न म्हणून उडवून लावला नाही. ती म्हणाली, "कारण त्यांना माझ्याइतकंच येतं. त्यांच्यापुढे मी चुकीचं लिहू शकते. चुकीचं लिहिल्याशिवाय मला बरोबर काय ते सुचतच नाही."

"मी कधी रागावलो का तुझ्यावर? चुकलीस म्हणून?"

"नाही हो. रागावला असता तर मी भांडले असते. तुम्ही दुरुस्त करून टाकलंत. मग माझं म्हणून काय उरलं?"

माझी सुई कापडात तशीच राहिली. माझ्या वतीनेही कुणीतरी बोललं होतं, आणि ते इतक्या वर्षांनी.

दादा आता रुसून उठून जाईल असं मला वाटलं. पण त्याने कागद पुन्हा पुढे ओढला. पान उलटलं, परत मागे आला. कपाळाला आठ्या घालून बसला. मग अडखळत, परीक्षेतल्या पोरासारखा बोलला. "या बायका डॉक्टरांना विचारत नाहीत, हे तू दाखवलंस. पण डॉक्टर येऊन जातात. दिवसभर खाटेशी असतेस ती तू. मग त्या तुला तरी विचारतात का?"

वहिनी उभी होती ती खाली बसली. नंतर म्हणाली, "नाही विचारत." आणि पानं चाळून, "हे मी लिहिलंच नाहीये. सगळा दोष डॉक्टरांवर टाकलाय. आम्हीही त्यातच आहोत की."

निबंधाला शेवटी जो भाग जोडला गेला, तो या प्रश्नातून निघाला. आपलं म्हणणं स्वतःवरही उलटवून पाहिलंय म्हणून बाईंनी तिला त्याच भागाचे मार्क भरभरून दिले आणि वॉर्ड तिच्या हाती आला, पण ते पुढचं. त्या दुपारी ती फक्त झपाटल्यासारखी उठली आणि एक पान हातात घेऊनच तिने फोन लावला. कुणाला, ते सांगायला नको. दादाचा चेहरा पाहायला हवा होता! सुचलं याला, आणि ऐकायचं त्या पोपटी शर्टाने.

"ऐका ना," वहिनी फोनवर म्हणाली, "एक भलताच चांगला प्रश्न निघालाय." तिने दादाचा डॉक्टर-नर्सचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पलीकडून लॅबवाल्याने कोण वाचतंय म्हणून विचारलं असावं, कारण वहिनीने वळून नवऱ्याकडे पाहिलं.

"आमच्या घरात एकजण आहेत," ती म्हणाली. "नवीनच आहेत. अजून शिकताहेत."

दादाने ते ऐकलं. गल्लीतल्या सगळ्यांचं इंग्रजी दुरुस्त करणाऱ्या माझ्या दादाने मान खाली घातली आणि पुढचं पान वाचायला घेतलं.